साधन हातासाठी

प्रस्तावना

लखनौ शहर जसे अदबीसाठी प्रसिद्ध आहे, तसेच ते खेळांच्या शौकासाठीही प्रसिद्ध आहे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तेथे 'जमघट' भरतो आणि आकाश पतंगांनी व्यापून जाते. मुन्शी प्रेमचंद यांची 'शतरंज के खिलाड़ी' ही प्रसिद्ध कथाही याच शहरात घडते. वाजिद अली शाह यांचे राज्य १८५६ साली बुडाले, त्या वेळी दोन सरदार बुद्धिबळाच्या डावात गढलेले होते, असे चित्र त्या कथेत आहे. सत्यजित राय यांनी १९७७ साली या कथेवर चित्रपट काढला. खेळात बुद्धी कशी चमकते आणि खेळात माणूस स्वतःला कसा हरवून बसतो, या दोन्ही गोष्टी लखनौने पाहिल्या आहेत.

पतंग उडविणाऱ्याचे यश त्याच्या बोटांवर अवलंबून असते. दोर केव्हा ओढावा आणि केव्हा ढील द्यावी, हे बोटांना कळावे लागते. आज याच शहरातील, तसेच मुंबई-पुण्यातील, अनेक तरुण संगणकावर खेळ खेळतात. तेथेही बोटांचेच कौशल्य पणाला लागते. फक्त दोराच्या जागी कळा आलेल्या आहेत. अशा खेळांसाठी तयार झालेल्या एका लहानशा साधनाची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत. त्याला 'कीपॅड' म्हणतात. हे साधन आपण विकत घ्यावे, असा या पाठाचा हेतू नाही. त्याच्या निमित्ताने एक मोठा प्रश्न समजून घ्यावयाचा आहे. तो प्रश्न असा : साधन हातासाठी असावे, की हाताने साधनापुढे वाकावे?

नेहमीचा कळफलक आणि डाव्या हाताची अडचण

संगणकाचा नेहमीचा कळफलक हा टंकलेखनयंत्राचा वारसदार आहे. अमेरिकेतील क्रिस्टोफर शोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली बाजारात आणले. त्या यंत्रात प्रत्येक कळीला एक धातूची पट्टी जोडलेली असे. या पट्ट्या एकमेकींना अडू नयेत, म्हणून कळांच्या ओळी एकाखाली एक सरळ न ठेवता किंचित सरकवून ठेवाव्या लागल्या. पुढे विजेची यंत्रे आली, नंतर संगणक आला. धातूच्या पट्ट्या गेल्या. पण कळांची ती तिरपी मांडणी तशीच राहिली. आपली बोटे मात्र सरळ पुढे-मागे हलतात. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या यंत्राची अडचण आजही आपल्या बोटांना सोसावी लागते.

संगणकावरील खेळात ही अडचण अधिक जाणवते. उजवा हात माऊसवर असतो. तो नेम धरतो व दिशा बदलतो. चालणे, थांबणे, उडी मारणे, वस्तू उचलणे ही इतर सर्व कामे डाव्या हाताच्या वाट्याला येतात. पूर्वी अनेक खेळाडू बाणाच्या चार कळा वापरीत. पण त्या कळा कळफलकाच्या उजव्या टोकाला असतात व त्यांच्या आसपास इतर उपयोगी कळा फारशा नसतात. त्यामुळे डावीकडील 'डब्ल्यू', 'ए', 'एस' आणि 'डी' या चार कळा वापरण्याची रीत रूढ झाली. १९९७ साली अमेरिकेत 'क्वेक' या खेळाची मोठी स्पर्धा जिंकणारे डेनिस फाँग ही मांडणी वापरीत. त्यांच्यामुळे तिचा प्रसार झाला, असे मानले जाते.

या रीतीतही अडचण उरतेच. शंभराहून अधिक कळांच्या फलकावर प्रत्यक्षात पंधरा-वीस कळाच लागतात, आणि त्याही करंगळीला ताणून किंवा मनगट वाकवून गाठाव्या लागतात. अंगठा हे सर्वांत बलवान बोट. पण त्याच्या वाट्याला एकटी लांब पट्टी येते, आणि दुबळ्या करंगळीवर तीन-चार कळांचा भार पडतो. घरातील धडधाकट माणसाने बसून राहावे आणि अशक्ताने पाणी भरावे, तसाच हा प्रकार होय.

स्वस्त कळफलकात आणखी एक उणीव असते. कळांच्या खाली आडव्या व उभ्या विद्युतमार्गांची जाळी असते. कळ दाबली की एक आडवा व एक उभा मार्ग जोडला जातो आणि त्यावरून संगणकाला कळ ओळखता येते. पण जाळीतील एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकाच वेळी दाबल्या, तर चौथ्या कोपऱ्यावरील कळही दाबली गेली, असा आभास निर्माण होतो. तो टाळण्यासाठी पुष्कळ कळफलक तिसरी कळ मानतच नाहीत. खेळाडू पळत असतो, वळत असतो, आणि नेमकी उडीची कळ काम करीत नाही. चांगल्या साधनात वीज उलट वाहू न देणारा डायोड प्रत्येक कळीला जोडून हा दोष दूर केलेला असतो.

कीपॅडचे स्वरूप

डाव्या हातासाठी वेगळे साधन असावे, ही कल्पना नवी नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी माऊसचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक केले. त्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस होता, मध्ये नेहमीचा कळफलक होता आणि डाव्या हाताखाली केवळ पाच कळांचे एक साधन होते. पेटीवर जसे दोन-तीन सूर एकत्र वाजवितात, तशा त्या कळा एकत्र दाबावयाच्या होत्या. पाच कळांपासून असे एकतीस वेगवेगळे संकेत तयार होतात. माऊस जगभर गेला. त्याचा डावा जोडीदार मात्र मागे राहिला.

खेळांच्या निमित्ताने तो वेगळ्या रूपात परत आला. या शतकाच्या आरंभी बेल्किन कंपनीचा 'नॉस्ट्रोमो', २००९ च्या सुमारास लॉजिटेकचा 'जी-१३' आणि त्यानंतर रेझर कंपनीचे 'ऑर्बवीव्हर' व 'टार्टारस' असे कीपॅड बाजारात आले. त्यांची ठेवण साधारणपणे सारखीच आहे. तळहात टेकण्यासाठी एक उंचवटा असतो. बोटांच्या टोकांखाली कळांच्या तीन-चार ओळी असतात. कळांची एकूण संख्या पंधरापासून तीसपर्यंत असते. अंगठ्यासाठी बाजूला एक-दोन कळा व चहूकडे हलणारी एक लहान दांडी असते. काही नमुन्यांत तळहाताचा आधार मागे-पुढे सरकवून लांब किंवा आखूड बोटांसाठी जुळवून घेता येतो. अशा प्रकारे दुर्लक्षित अंगठ्याला काम मिळते आणि करंगळीचा भार हलका होतो.

'प्रोग्रॅम' करणे म्हणजे काय?

कीपॅडच्या कळांवर अक्षरे नसतात. बहुधा नुसते क्रमांक असतात. कोणत्या कळीने कोणते काम करावयाचे, हे वापरणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. संगणकावरील एका लहानशा आज्ञावलीत कीपॅडचे चित्र दिसते. त्यातील कळ निवडून तिला काम नेमून दिले, की ती कळ तेच काम करू लागते. संगणकाला मात्र नेहमीच्या कळफलकावरील कळ दाबली गेली, असेच वाटते.

ही नेमणूक तीन प्रकारची असते. पहिला प्रकार म्हणजे अदलाबदल : एका कळीला दुसऱ्या एका कळीचे काम देणे. दुसरा प्रकार म्हणजे संच : एका खेळासाठी एक मांडणी, चित्र काढण्यासाठी दुसरी, लेखनासाठी तिसरी. एक कळ दाबताच सर्व कळांची कामे बदलतात. तिसरा प्रकार म्हणजे 'मॅक्रो', म्हणजेच अनेक क्रियांची साखळी एका कळीत साठविणे. काही साधनांत ही माहिती साधनाच्याच स्मृतीत राहते; त्यामुळे ते दुसऱ्या संगणकाला जोडले तरी मांडणी टिकते. इतर साधनांना मात्र प्रत्येक संगणकावर त्यांची आज्ञावली असावी लागते.

हे समजण्यासाठी लखनौतीलच एक उदाहरण घेऊ. मुंबईत जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौ येथे संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखले जाते. गुरुमुखातून चालत आलेल्या बंदिशी भातखंडे यांनी स्वरलिपीत लिहून काढल्या. कोणता स्वर, किती वेळ, कोणत्या मात्रेवर, हे सारे चिन्हांनी कागदावर आले. मॅक्रो हाही असाच एक लिहून ठेवलेला क्रम असतो : कोणती कळ, किती वेळ, कोणाच्या मागून. फरक इतकाच, की स्वरलिपी वाचून गाणाऱ्याला आपला गळा वापरावा लागतो, तर मॅक्रो आपोआप चालतो. म्हणूनच पुष्कळ स्पर्धांमध्ये मॅक्रो वापरण्यास मनाई असते. जे कौशल्य पारखावयाचे, तेच यंत्राने करून टाकले तर स्पर्धेला अर्थ उरत नाही. घरी खेळताना जे सोयीचे असते, ते स्पर्धेत अन्यायाचे ठरू शकते. खेळाडूने नियम आधी वाचावेत हे बरे.

मनगटाचे शास्त्र

माणसाच्या शरीराला मानवेल अशा रीतीने काम व साधने यांची रचना करणाऱ्या शास्त्राला 'अर्गोनॉमिक्स' म्हणतात. काम आणि नियम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हा शब्द तयार झाला. पोलंडमधील शास्त्रज्ञ वोइचेख यास्त्शेंबोव्स्की यांनी १८५७ साली तो प्रथम वापरला.

आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. त्यांच्या कमानीखालून एक अरुंद बोगदा जातो. त्या बोगद्यातून बोटे वाकविणारे नऊ स्नायुबंध आणि एक मज्जातंतू तळहाताकडे जातात. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना या मज्जातंतूवर अवलंबून असते. मनगट वर उचललेले किंवा खाली वाकलेले राहिले, की बोगद्यातील दाब वाढतो. तसेच ते दीर्घकाळ राहिले, तर बोटांना मुंग्या येणे, रात्री हात बधिर होणे, वस्तू हातातून निसटणे अशा तक्रारी सुरू होऊ शकतात. मनगट करंगळीच्या बाजूला वळवून ठेवणे आणि तेच ते हालचाल हजारो वेळा करणे, यांमुळेही स्नायुबंधांवर ताण येतो.

कीपॅडचा तळहाताखालील उंचवटा, उभ्या रेषेतील कळा व अंगठ्याची दांडी यांचा उद्देश मनगट सरळ ठेवणे हाच असतो. तथापि, केवळ साधन बदलल्याने दुखणे बरे होते, असे समजू नये. सर्वांत सुखकर आसनातही चार तास न हलता बसणे शरीराला मानवत नाही. साधन ताण कमी करील. विश्रांती मात्र आपणच घ्यावी लागते.

वापरताना घ्यावयाची काळजी

कीपॅड असो वा साधा कळफलक, पुढील गोष्टी पाळल्यास हाताला आराम मिळतो.

बैठकीची उंची अशी असावी, की कोपर जवळजवळ काटकोनात राहील आणि खांदे सैल राहतील. खुर्ची उंच असेल तर पायांखाली पाट घ्यावा. कीपॅड छातीसमोर ओढून न घेता डाव्या खांद्याच्या रेषेत ठेवावा. तळहात उंचवट्यावर हलकाच टेकवावा; मनगटावर भार देऊ नये. कळ दाबताना जोर लावण्याची गरज नसते.

नव्या साधनावर सर्व कळा पहिल्याच दिवशी नेमू नयेत. प्रथम चालण्याच्या चार कळा व अंगठ्याचे एक काम एवढेच ठरवावे. हात सरावला की दोन-दोन कळा वाढवाव्यात. वरचेवर लागणारी कामे तर्जनी, मध्यमा व अंगठा यांना द्यावीत. क्वचित लागणारी करंगळीला. आरंभी काही दिवस आपला वेग पूर्वीपेक्षा कमी होईल. त्याने निराश होऊ नये. हाताची जुनी सवय सुटण्यास वेळ लागतोच.

अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, बोटे ताणावीत, मुठी उघडझाप कराव्यात आणि दूरच्या वस्तूकडे पाहून डोळ्यांना विसावा द्यावा. मुंग्या किंवा बधिरपणा टिकून राहिला, तर खेळ थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दुखणे अंगावर काढण्यात शौर्य नाही.

खेळ आणि मर्यादा

संगणकावरील स्पर्धात्मक खेळांना आता मान्यता मिळाली आहे. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ते प्रात्यक्षिक म्हणून झाले आणि २०२३ साली हांगचौ येथे त्यांना पदकांचे खेळ म्हणून स्थान मिळाले. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'ई-क्रीडा' हा विषय क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर मात्र २०२५ च्या कायद्याने बंदी घातली. कौशल्याची स्पर्धा आणि पैशाचा जुगार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद या कायद्याने स्पष्ट केला.

दुसरी मर्यादा वेळेची. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत खेळाच्या व्यसनाचा समावेश केला असून ती आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. खेळणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. पण खेळावरचा ताबा सुटला, इतर सर्व कामांपेक्षा खेळ मोठा झाला आणि नुकसान दिसत असूनही तो थांबेना, तर ते आजाराचे लक्षण समजावे. प्रेमचंदांच्या कथेतील ते दोन सरदार आपल्याला येथे पुन्हा आठवतात. पट लाकडी असो की विजेचा, त्यावरून नजर उचलता आली पाहिजे.

खेळाबाहेरचा हात

जे साधन खेळासाठी निघाले, ते इतर कामांतही उपयोगी पडते. छायाचित्रांवर किंवा चित्रफितींवर काम करणारे लोक कीपॅडवर आपल्या नेहमीच्या आज्ञा बसवितात. ज्याला एकच हात वापरता येतो किंवा ज्याची बोटे दूरवर पोहोचत नाहीत, त्याला सर्व आवश्यक कळा एका तळहाताच्या आवाक्यात आणता येतात. कोणासाठी ही चैन असेल; पण अशा माणसासाठी ते स्वावलंबन आहे.

आपल्या लिपीच्या बाबतीतही हाच विचार झालेला आहे. लखनौपासून जवळच असलेल्या कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे काम मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. पुढे ते काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढले. १९८६ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाण ठरविला. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. त्यामुळे 'काकी' लिहिताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात. आपल्या वर्णमालेची शिस्त बोटांच्या कामी आली, ती अशी.

साधन आणि हात यांचे नाते किती घट्ट असते, याची आठवण लखनौने सप्टेंबर २०१५ मध्ये करून दिली. तेथील मुख्य टपाल कार्यालयाबाहेर पदपथावर बसून एक वृद्ध टंकलेखक कित्येक वर्षे लोकांचे अर्ज हिंदीतून टंकित करून देत असत. एका पोलीस अधिकाऱ्याने लाथ मारून त्यांचे यंत्र फोडले. त्याची छायाचित्रे देशभर पसरली, लोक संतापले, अधिकारी निलंबित झाला आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन क्षमा मागितली व नवे यंत्र दिले. मोडले होते ते केवळ लोखंड नव्हते; त्या हातांची रोजची भाकरी त्यावर अवलंबून होती.

याच शहरातील चिकनकारी जगप्रसिद्ध आहे. २००८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. हे नाजूक भरतकाम बहुतांशी स्त्रिया करतात. एका हाताने कापड ताणून धरावयाचे, दुसऱ्याने सुई चालवावयाची आणि मान तासन्‌तास खाली. खेळणाऱ्याच्या हातासाठी तळहाताचा आधार, सुटसुटीत कळा, अंगठ्याची दांडी असा बारीक विचार झाला. मग टाके घालणाऱ्या हातासाठी बैठकीची उंची, पुरेसा उजेड आणि कामातील विश्रांती यांचा विचार का होऊ नये? शिवणयंत्र, करवत, विळी, खुरपे, हातगाडी या सर्वांना हाच प्रश्न विचारता येईल.

आपण रोज कोणते ना कोणते साधन हातात धरतो. ते आपल्या हाताला जुळते का, की आपला हातच त्याच्यासाठी झिजतो आहे, हे एकदा थांबून पाहावे. कधी मुठीला कापड गुंडाळल्याने, कधी पाट उंच केल्याने, कधी दिवा डावीकडे ठेवल्याने मोठा फरक पडतो. त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. आपले शरीरही विचार करण्याजोगे आहे, एवढी जाणीव असली तरी पुरेसे आहे.

विचार करा व लिहा

१. नेहमीच्या कळफलकावरील कळांच्या ओळी तिरप्या का आहेत?

२. स्वरलिपी व मॅक्रो यांतील साम्य आणि फरक आपल्या शब्दांत सांगा.

३. घरी खेळताना चालणारी सोय स्पर्धेत अन्यायाची का ठरते?

४. आपण रोज वापरत असलेले एखादे साधन निवडा. ते हाताला अधिक मानवेल यासाठी त्यात कोणता बदल कराल, ते आठ-दहा ओळींत लिहा.